आधी आक्षेप नीट लिही

पहिल्या सेमिस्टरच्या फिलॉसॉफीच्या असाइनमेंटवर मार्जिनमध्ये लाल पेनने एकच वाक्य लिहून आलं होतं, 'ह्यूमला एवढं बावळट का केलंस?' (ह्यूम म्हणजे अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ.) बाकी पाच पानांवर काही नाही, ना टिक ना फुली. मार्क शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात होते आणि ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

मी थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकायला गेले होते, फिलॉसॉफी माझ्या गळ्यात पडली. सिलॅबसमध्ये 'पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची ओळख' असा कंपल्सरी पेपर होता आणि आमच्या बॅचमधल्या बहुतेकांना तो का आहे हेच कळत नव्हतं, बायबल शिकायचं, चर्चचा इतिहास शिकायचा, ग्रीक हिब्रूची थोडी ओळख करून घ्यायची इथपर्यंत ठीक, पण थेलीस नावाचा जुना ग्रीक तत्त्वज्ञ म्हणाला सगळं पाण्यापासून झालं याचं आम्ही काय करायचं?

तर असाइनमेंटचा विषय होता, जगाची रचना बघून रचणारा आहे असं सिद्ध होतं का. मी काय केलं, पहिल्या पानावर चार ओळीत लिहिलं की ह्यूमच्या मते जगाला रचणारा कोणी नाही (तो असं सरळ कुठेच म्हणत नाही, पण मला ते कुठे माहीत होतं, मी सिनियरच्या नोट्समधून उचललं होतं) आणि उरलेल्या साडेचार पानांत त्या चार ओळींची यथेच्छ धुलाई केली. घड्याळ आहे म्हणजे घड्याळ करणारा असणारच, डोळ्याची रचना बघा, ग्रहांची गती बघा. मनापासून वाटत होतं की पेपर भारी झालाय. मार्क कमी का म्हणून भांडायला सरांकडे गेले तर त्यांनी विचारलं, "ह्यूमचे डायलॉग्ज वाचलेस?" म्हटलं, नाही सर, नोट्स वाचल्या. "मग वाच, आणि फक्त त्याची बाजू लिहून आण. उत्तर नको. आधी आक्षेप नीट लिही." आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले, "ते घड्याळ पेली नावाच्या पाद्र्याच्या पुस्तकातलं आहे, १८०२ सालच्या. ह्यूम १७७६ मध्ये गेला. मेलेल्या माणसाला सव्वीस वर्षांनी आलेल्या पुस्तकाने मारतेयस."

रागारागात वाचायला घेतलं. आणि मग लक्षात आलं की मी ज्याला चार ओळीत उडवलं होतं तो माणूस माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ या प्रश्नापाशी बसला होता. ते पुस्तक तीन माणसांच्या गप्पा आहेत, क्लिअँथीस रचनेवरून देव सिद्ध करतोय, डेमिया जुन्या वळणाचा भाविक आहे, आणि फायलो शंका काढत सुटलाय. फायलो म्हणतो, घर बघून बांधणारा आठवतो कारण आपण घरं बांधताना पाहिलीयत, जगं बांधताना कोणी पाहिलीयत? जग यंत्रासारखंच आहे असं कशावरून, एखाद्या झाडासारखं किंवा प्राण्यासारखं का नाही, आणि रचणारा मानलाच तर तो एकच कशावरून, हे जग एखाद्या बाल-देवाने हात बसवायला म्हणून केलेला पहिला कच्चा प्रयत्न असेल आणि नंतर त्याने ते अर्धवट टाकून दिलं असेल, हे नाही असं तुमच्या त्या रचनेवरून कसं सांगणार? मी ते वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं. हसूही आलं होतं आणि थोडी भीतीही वाटली होती.

त्या पुस्तकात मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. चर्चा अंगावर यायला लागल्यावर डेमिया काहीतरी निमित्त काढून मध्येच उठून जातो. भाविक माणूस उठून जातो आणि उरलेलं बोलणं त्याच्याशिवाय होतं. माझी साडेचार पानं म्हणजे तेच होतं, उठून जाणं, फक्त जरा आवाज करत.

आमच्या वर्गात तसे दोन तट होते. एका तटाचं म्हणणं की हा पेपर धोक्याचा आहे, विश्वास ढिला करतो, आणि बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात प्रेषित पौलाने तत्त्वज्ञानाच्या नादाने कोणी तुम्हाला पळवून नेऊ नये असं स्पष्ट बजावलंय. दुसऱ्या तटाला हा पेपर शस्त्रागार वाटायचा, नास्तिक समोर आला की कुठला मुद्दा काढायचा, देवाच्या अस्तित्वाचे पाच पुरावे पाठ, उत्क्रांतीवाल्याला काय, मार्क्सवाल्याला काय. मी दुसऱ्या तटातली, आघाडीची सैनिक म्हटलं तरी चालेल. आता मागे वळून बघताना वाटतं की दोन्ही तटांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की तत्त्वज्ञान ही बाहेरची वस्तू आहे, कुंपणापलीकडची. तिला आत घ्यायचं नाही किंवा तिच्यावर चालून जायचं, एवढाच वाद.

खरं तर तोच पौल बायबलमधल्याच प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात अथेन्समध्ये एपिक्युरियन आणि स्टोइक या दोन पंथांच्या तत्त्वज्ञांशी वाद घालतो आणि तिथल्या अरियपगावर भाषण करताना त्यांच्याच एका कवीची ओळ वापरतो. म्हणजे त्याने ती कुठेतरी वाचलेली किंवा ऐकलेली असणार ना. आणि तो टर्टुलियन, लॅटिनमध्ये लिहिणारा जुना ख्रिस्ती लेखक, पहिल्या तटाचा लाडका, अथेन्सचा यरुशलेमशी, म्हणजे तत्त्वज्ञानाचा श्रद्धेशी, संबंध काय असं इसवी सन २०० च्या आसपास गरजलेला, त्याच टर्टुलियनने लॅटिन भाषेला त्रैक्यासाठी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव यासाठी, 'त्रिनितास' हा शब्द वापरून दिला, 'सब्स्टान्शिया' (तत्त्व) आणि 'पर्सोना' (व्यक्ती) ही जोडीही त्याच्याचकडे सापडते, आणि आत्मा हाही एक प्रकारचा देहच आहे हे त्याचं मत सरळसरळ स्टोइकांच्या घरचं. अथेन्सला दार लावून घेतलं होतं खरं, पण सामान आधीच आत येऊन पडलेलं.

सर हा मुद्दा शिकवायचे तेव्हा आधी श्रद्धा-सार, म्हणजे आमच्या विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणायला लावायचे. आम्ही लहानपणापासून म्हणत आलेलो, झोपेतही म्हणू. मध्येच थांबवून विचारायचे, आत्ता जो शब्द म्हणालात त्याचा अर्थ काय? पुत्र आणि पिता एकच तत्त्वाचे, हे जे नायसियाच्या परिषदेने ३२५ साली ठरवलं त्यासाठी त्यांनी वापरलेला 'होमोउसिओस' हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही. त्यातला 'उसिया' हा ग्रीक तत्त्वज्ञांनी घासून घासून गुळगुळीत केलेला शब्द. पुढची कितीतरी वर्षं जे भांडण चाललं त्यातला एक पक्ष म्हणत होता 'होमोउसिओस', एकाच तत्त्वाचा, आणि एक पक्ष 'होमोइउसिओस', सारख्या तत्त्वाचा. मध्ये फरक फक्त एका 'इ'चा. बाहेरच्याला हसू येतं की एका अक्षरावरून बिशप देशोधडीला लागले, पण तुम्ही 'तोच' आणि 'त्याच्यासारखा' यातला फरक घरातल्या कुठल्याही माणसाला लावून बघा, लगेच कळेल भांडण कशाचं होतं.

मराठीत तर आणखी गंमत आहे. आपण म्हणतो एक देव, तीन व्यक्ती. आता मराठीत 'तीन व्यक्ती' म्हटलं की डोळ्यांसमोर बाकावर बसलेली तीन माणसं येतात, येणारच, व्यक्ती म्हणजे आपल्याला माणूसच. मी कितीतरी वर्षं तसंच चित्र डोक्यात ठेवून प्रार्थना केलीय. मग कळलं की आपली 'व्यक्ती' ही 'पर्सोना'ची सावली, ग्रीकमध्ये तिथे 'हिपोस्टॅसिस' होता, आणि चौथ्या शतकात ग्रीक आणि लॅटिन लोक एकमेकांचे हे शब्द ऐकून दचकायचे, कारण 'हिपोस्टॅसिस'चं शब्दशः लॅटिन केलं की 'सब्स्टान्शिया'च होतं, म्हणजे इकडच्याला वाटायचं तिकडचा तीन देव सांगतोय. बासिल आणि दोघे ग्रेगरी, ज्यांना कॅपाडोशियन म्हणतात, त्यांनी एक उसिया आणि तीन हिपोस्टॅसिस अशी नीट वाटणी करून दिली. पुढे बोएथियसने व्यक्तीची व्याख्या केली, विवेकशील स्वभावाचं अविभाज्य सत्त्व, साधारण अशी. परीक्षेत पाच मार्काला यायची. हा बोएथियस इसवी सन ५२४ च्या सुमाराला राजद्रोहाच्या आरोपावरून मारला गेला, आणि तुरुंगात बसून त्याने जे लिहिलं त्यात त्याला धीर द्यायला येते ती तत्त्वज्ञान नावाची बाई. ख्रिस्ताचं नाव त्या पुस्तकात नाही. यावर आमच्या वर्गात अख्खा तास भांडण झालं होतं, व्याख्या मात्र कोणाच्याच लक्षात राहिली नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात, 'प्रारंभी शब्द होता', तीही तशीच. 'शब्द' म्हटलं की मराठी मनात काय काय हलतं, पण मूळ 'लोगोस' हा योहानाच्या आधी काही शतकं हेराक्लायटस या ग्रीक तत्त्वज्ञापासून स्टोइकांपर्यंत फिरत आलेला, विश्वाच्या पोटातली संगती असा अर्थ अंगावर घेऊन आलेला. योहानाने तो तिथूनच घेतला की हिब्रू परंपरेतून यावर अभ्यासकांचे वाद आहेत आणि ते असूदेत. ग्रीक वाचकाच्या कानाला काय ऐकू आलं असेल हे कळायचं असेल तर थोडं फिलॉसॉफीच्या गल्लीतून जावंच लागतं. म्हणजे भाषा आधीपासूनच तोंडात आहे. पेपर ऐच्छिक ठेवला तरी फरक पडत नाही, तुम्ही तत्त्वज्ञान बोलतच असता, फक्त काय बोलताय ते माहीत नसतं.

जस्टिन मार्टरची गोष्ट मात्र मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते कारण ती आजच्या कुठल्याही क्लास शोधणाऱ्याची गोष्ट आहे. हा दुसऱ्या शतकातला माणूस सत्य शोधायला निघाला. पहिला गाठला स्टोइक, तर त्याला देवाबद्दल काही सांगताच येईना, म्हणे ते जाणून घ्यायची गरजच काय. मग ॲरिस्टॉटलच्या पंथातला एक, त्याने काही दिवसांत फीचा विषय काढला, तेवढ्यावरून जस्टिनने ठरवलं की हा तत्त्वज्ञच नव्हे. तिसरा पायथागोरसवाला, तो म्हणाला आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये मग बोलू. शेवटी प्लेटोवाला भेटला आणि तिथे तो रमला, आणि नंतर एका म्हाताऱ्याशी बोलता बोलता ख्रिस्ताकडे वळला. पण वळल्यावरही त्याने तत्त्वज्ञाचा अंगरखा उतरवला नाही. साधारण १६५ साली रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

आता कबुली देते. पुस्तकात शिकवतात तसं थेलीसपासून एकेक स्टेशन घेत जायची पद्धत मला आजही पटत नाही. त्याने होतं काय, की पोरं पहिल्या महिन्यात पाणी, हवा, अग्नी, अणू पाठ करतात आणि सॉक्रेटिस येईपर्यंत थकतात. माझ्या हातात असतं तर पहिल्या दिवशी प्लेटोचा 'युथिफ्रो' हातात दिला असता. छोटा संवाद आहे, एका बैठकीत वाचून होतो. सॉक्रेटिसवर खटला भरलाय, तो कोर्टाच्या ओसरीवर उभा आहे, तिथे त्याला युथिफ्रो भेटतो, जो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाची केस करायला आलाय आणि आपण करतोय ते धर्माचंच काम अशी त्याला पक्की खात्री आहे. सॉक्रेटिस म्हणतो वा, मग मला शिकव, पवित्र म्हणजे काय? आणि मग तो प्रश्न येतो, पवित्र गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र असते, की पवित्र असते म्हणून त्यांना आवडते?

एकदा वाचून पुढे जाऊ नका. पहिला पर्याय घेतला तर चांगलं-वाईट हे देवाच्या मर्जीवर, उद्या त्याने क्रूरपणा चांगला ठरवला तर तो चांगला. दुसरा घेतला तर चांगलेपणा देवाच्याही वर कुठेतरी बसलेला आणि देव त्याच्याकडे बघून ठरवणारा. थिऑलॉजीच्या विद्यार्थ्याची इथे खरी गोची होते. पहिल्या वेळी मी लगेच उत्तर ठोकलं होतं की देव स्वतःच चांगुलपणा आहे म्हणून दोन्ही पर्याय चुकीचे, आणि हे उत्तर खूप जुनं आणि वजनदार आहे, मी आजही त्याच्या जवळपासच उभी आहे, पण सरांनी विचारलं, "मग 'देव चांगला आहे' या वाक्यात तू 'देव देव आहे' याच्यापेक्षा जास्त काय सांगितलंस?" मी गप्प. युथिफ्रो शेवटी घाईत आहे म्हणून निघून जातो. सगळे निघूनच जातात.

न जाणाऱ्यांमधला माझा आवडता अँसेल्म, अकराव्या शतकातला एक ख्रिस्ती मठवासी. तो १०७७-७८ च्या सुमाराला नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात 'प्रोस्लोगियन' लिहितो, आणि लिहितो ते देवाला उद्देशून, प्रार्थना म्हणून. ज्याच्याहून थोर काही कल्पताच येत नाही असा तू, आणि असा जर फक्त मनातच असता तर त्याच्याहून थोर, म्हणजे प्रत्यक्षातही असणारा, कल्पता आला असता, म्हणून तू आहेसच. पहिल्यांदा ऐकताना हातचलाखी वाटते, दुसऱ्यांदा ऐकताना हातचलाखी नेमकी कुठे झाली ते सापडत नाही. त्याचा चरित्रकार एडमर सांगतो की हा युक्तिवाद सुचेपर्यंत अँसेल्मचं जेवण-झोपेत लक्ष नव्हतं, प्रार्थनेतही नव्हतं, आणि मेणाच्या पाट्यांवर उतरवल्यावर त्या पाट्या आधी हरवल्या, पुन्हा लिहिल्या तर फुटल्या. बॅकअप नसलेल्या कुठल्याही माणसाला हे दुःख कळेल.

पण मला सांगायचंय ते पुढचं. बायबलच्या एका स्तोत्रात आहे की मूढ आपल्या मनात म्हणतो, देव नाही. अँसेल्म त्या मूढाशी वाद घालतो. तर मार्मूतिएच्या मठातला गॉनिलो नावाचा एक संन्यासी, म्हणजे स्वतः पक्का विश्वासू माणूस, त्याने उत्तर लिहिलं 'मूढाच्या वतीने'. म्हणाला, असंच मी एका हरवलेल्या बेटाबद्दल म्हणतो, ज्याच्याहून सुंदर बेट नाही असं बेट, ते फक्त मनात असतं तर प्रत्यक्षातलं कुठलंही फालतू बेट त्याच्यापेक्षा वरचढ ठरलं असतं, म्हणून ते बेट आहेच, चला होडी काढा. अँसेल्मने काय करावं? त्याने उत्तर लिहिलं, बेटाची आणि त्या एकाची तुलना होत नाही वगैरे, आणि मग सांगून ठेवलं की माझं पुस्तक यापुढे कोणी उतरवून घेईल तेव्हा गॉनिलोचा आक्षेप आणि माझं उत्तर दोन्ही सोबत जोडावं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी साडेचार पानं आठवून कान गरम झाले. एक विश्वासू माणूस मूढाचं वकीलपत्र घेतो, कारण मूढाची बाजू नीट मांडली गेली नाही असं त्याला वाटतं, आणि दुसरा विश्वासू माणूस ते वकीलपत्र आपल्या पुस्तकात बांधून घेतो. दोघांनाही आपला देव त्यामुळे धोक्यात आला असं वाटलेलं दिसत नाही.

थॉमस अक्वायनसकडे हीच गोष्ट पद्धत बनून येते. त्याचा थिऑलॉजीवरचा मोठा ग्रंथ, 'सुम्मा', उघडली की विद्यार्थी आधी गडबडतात, कारण वाटतं हा माणूस स्वतःच्या विरुद्धच बोलतोय. तिचा साचा असा की आधी प्रश्न, मग 'असं दिसतं की नाही' म्हणत विरोधी मुद्दे एकामागून एक, मग 'पण याउलट' म्हणून एखादं वचन, मग स्वतःचं म्हणणं, आणि शेवटी प्रत्येक विरोधी मुद्द्याला वेगळं उत्तर. पाच मार्ग, म्हणजे देवाच्या अस्तित्वाचे तेच पाच पुरावे, ज्यांची आम्ही पोपटपंची करायचो, ते जिथे येतात त्या भागात सुरुवातीला दोनच आक्षेप आहेत. पहिला, देव म्हणजे अमर्याद चांगुलपणा, आणि दोन विरुद्ध गोष्टींपैकी एक अमर्याद असेल तर दुसरीला जागाच उरणार नाही, पण जगात वाईट आहे, तेव्हा देव नाही. दुसरा, निसर्गातल्या गोष्टी निसर्गाने समजतात, माणसाच्या गोष्टी माणसाच्या बुद्धीने आणि इच्छेने, मग मध्ये देव कशाला मानायचा?

तेराव्या शतकातला साधू हे लिहितोय. आजच्या कुठल्याही हुशार नास्तिकाला विचारा, मुद्दे हेच दोन असतात, फक्त त्याला ते मांडायला तीनशे पानं लागतात. आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की पहिल्या आक्षेपाला थॉमसने दिलेलं उत्तर, ऑगस्टिन या जुन्या संताच्या आधाराने, की देव वाईटातूनही चांगलं काढण्याइतका समर्थ आहे म्हणून वाईट होऊ देतो, हे आक्षेपापेक्षा लहान आहे. ओळींनी नव्हे, वजनाने. त्याने ते तसंच ठेवलं.

बरं, तेव्हा हे सगळं काही सुखाने चालू नव्हतं. ॲरिस्टॉटलची निसर्गविषयक पुस्तकं शिकवायला पॅरिसमध्ये १२१० साली बंदी होती, १२५५ पर्यंत तीच पुस्तकं तिथल्या कला शाखेच्या अभ्यासक्रमात बसली होती, आणि १२७७ च्या ७ मार्चला पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांना निषिद्ध ठरवलं ज्यातली काही थॉमसच्या शिकवणीला चाटून जाणारी होती. थॉमस बरोब्बर तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला वारलेला. १३२३ मध्ये तो संत झाला. आपण ज्याला आज अधिकृत म्हणून छातीशी धरतो तो एकेकाळी संशयित होता, ही गोष्ट पहिल्या तटातल्यांना सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात. आणि ॲरिस्टॉटल थॉमसपर्यंत आला तो इब्न सीना आणि इब्न रुश्द हे मुस्लिम तत्त्वज्ञ आणि मैमोनिदीस हा ज्यू तत्त्वज्ञ यांच्या हातांतून, इब्न रुश्दला तर थॉमस नुसता 'भाष्यकार' म्हणतो, नावाची गरजच नाही. आमच्या सिलॅबसमध्ये या तिघांना मिळून अर्धं पान होतं. यावर माझा राग अजून गेलेला नाही.

मग आधुनिक काळ. तो भराभर सांगते कारण तिथे प्रत्येकाला आपापला माणूस सापडतो आणि तो स्वतःच शोधावा. देकार्तने १६४१ मध्ये 'मेडिटेशन्स' सोरबॉनच्या थिऑलॉजीवाल्यांना अर्पण केलं, १६६३ मध्ये त्याची पुस्तकं चर्चच्या निषिद्ध यादीत गेली. पास्कालला १६५४ च्या २३ नोव्हेंबरच्या रात्री जे काही झालं ते त्याने कागदावर लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं होतं, अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. तो गेल्यावर नोकराला ते सापडलं. पहिल्या तटाला हे वाक्य फार आवडतं, पण लिहिणारा स्वतः त्या काळातला एक नंबरचा गणिती होता हे विसरू नये. कांट म्हणाला, श्रद्धेला जागा करायची म्हणून मला ज्ञानाला बाजूला सारावं लागलं, आणि त्यावर अर्धे थिऑलॉजीवाले खूष झाले, अर्धे घाबरले. आणि हेगेल ट्युबिंगेनच्या सेमिनरीत पाळक व्हायला शिकलेला, नीत्शे पाळकाचा मुलगा, बॉनला त्यानेही थिऑलॉजीतच नाव घातलं होतं, एका सेमिस्टरनंतर सोडली. म्हणजे ज्यांना आपण पलीकडचे समजतो त्यातले कितीतरी आपल्याच बाकावरून उठून गेलेले आहेत. देव मेला असं नीत्शेचा वेडा बाजारात ओरडतो तेव्हा हसणारे लोक नास्तिक आहेत, रडकुंडीला आलाय तो वेडा. हे नोट्समध्ये कुठेच नव्हतं.

ह्यूमकडे परत येते. मी ते लिहून नेलं, फक्त त्याची बाजू, सात पानं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "आता वाचणाऱ्याला कळत नाही की तू कुठल्या बाजूची आहेस." मला वाटलं रागावलेत. बऱ्याच नंतर कळलं की ह्यूमच्या पुस्तकाबद्दलही लोक आजवर हेच भांडतायत, कारण शेवटच्या भागात फायलो अचानक मवाळ होतो आणि ह्यूम स्वतः नक्की कोणाच्या बाजूने हे कोणाला छातीठोक सांगता येत नाही. ते पुस्तक त्याने हयातीत छापलंच नाही, मित्रही कचरले, १७७९ मध्ये पुतण्याने काढलं.

आता मीच तो ओळखीचा पेपर शिकवते. थेलीस शिकवावा लागतो, सिलॅबस माझ्या हातात नाही. पण एक असाइनमेंट माझी स्वतःची आहे. तुमच्या विश्वासाला सगळ्यात जास्त टोचणारा आक्षेप घ्या आणि तो अशा माणसासारखा लिहा ज्याला तो खरोखर पटलाय. मग नाव झाकून मी ते वर्गात वाचते, वर्गाने ओळखायचं की लिहिणारा आतून कुठल्या बाजूचा, आणि वर्गाने बरोबर ओळखलं तर लिहिणाऱ्याचे मार्क कापले जातात. पहिल्या वर्षी खूप आरडाओरडा होतो. कोणी म्हणतं हे पाप आहे, कोणी म्हणतं मॅडम घरच्यांना दाखवू शकत नाही. मुलं हुशारीने लिहितात पण कुठेतरी एक शब्द फुटतोच, 'तथाकथित' किंवा 'हे लोक म्हणतात', आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडतो. 'तथाकथित' लिहिलं की गेलाच. उत्तर त्याच वहीत पुढे लिहायचं असतं, पण आठवड्याने.

यंदा एकाने दुःखावर लिहिलं. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपापासून सुरुवात केली होती, सर्वसंतांचा दिवस, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये जमलेले आणि छत त्यांच्यावर आलं. पुढे मात्र पुस्तकातलं काही नव्हतं, अगदी साधी वाक्यं, वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव असं ऑगस्टिन म्हणतो तर अभावाचं एवढं ओझं का होतं, असा एक प्रश्न होता त्यात. मी वर्गात वाचलं. कोणी ओरडलं नाही. कोणाला ओळखता आलं नाही, मलाही नाही आणि मला तर नाव माहीत होतं.

आठवड्याने वही आली. मी लाल पेन उघडून बसले. 'उत्तर' असं शीर्षक, त्याखाली नीट रेघ मारलेली, आणि पेन्सिलने लिहिलेलं, 'मॅडम, अजून जमलं नाही.' बाकी पान कोरं. नियमाप्रमाणे अर्धे मार्क उत्तराला आहेत. मी बराच वेळ त्या पानाकडे बघत होते, मग पेन्सिलीच्या ओळीखाली पुढच्या सोमवारची तारीख घातली आणि वही परत दिली.

सोमवारी वही परत आली. उत्तराचं पान होतं तसंच होतं. आक्षेपात एक परिच्छेद वाढला होता.